सीपॅप घेताय? आधी मास्क बसवा, मग मशीन निवडा

स्लीप अ‍ॅप्नियाचं (झोपेत श्वास पुन्हा पुन्हा थांबण्याच्या आजाराचं) निदान झालं की घरात पहिला प्रश्न येतो तो 'मशीन कुठलं घ्यायचं?' हा. मशीन म्हणजे सीपॅप, झोपेत मास्कमधून दाबाने हवा देणारं यंत्र. मग दोन-तीन डीलरांना फोन होतात, किमतींची घासाघीस होते, कुणाच्या तरी मेव्हण्याने घेतलेल्या मॉडेलची चौकशी होते आणि मशीन घरी येतं. मास्क त्याच्यासोबत आलेला असतोच. तो कुठल्या प्रकारचा, कुठल्या मापाचा, कुणाच्या चेहऱ्यासाठी, हे कुणी विचारलेलंच नसतं. आठ-दहा रात्री झटापट चालते आणि मग मशीन पिशवीसकट कपाटावर जातं.

अशा बहुतेक घरांत मशीनमध्ये काहीही खोट नसते. दाबाने हवा सोडणं एवढंच त्याचं काम आणि ते काम बऱ्यापैकी सगळी मशीन्स नीट करतात. रात्रभर चेहऱ्याला चिकटून राहायचं असतं ते मास्कला. म्हणून खालचा क्रम नेहमीच्या खरेदीच्या उलटा आहे. तो मोडू नका.

## टप्पा १ : रिपोर्ट वाचा, मगच दुकानाची पायरी चढा

स्लीप स्टडीच्या रिपोर्टमध्ये डझनभर आकडे असतात. तुम्हाला चारच हवेत.

एएचआय, म्हणजे झोपेत तासाला किती वेळा श्वास किमान १० सेकंद थांबला किंवा उथळ पडला. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. दुसरा आकडा, रक्तातला ऑक्सिजन सर्वांत खाली कितीपर्यंत गेला आणि किती वेळ खाली राहिला. तिसरी गोष्ट, श्वास थांबतो तो घसा मिटल्यामुळे (ऑब्स्ट्रक्टिव्ह) की मेंदूकडून श्वासाचा इशाराच येत नाही म्हणून (सेंट्रल). चौथी, त्रास उताणं झोपल्यावरच वाढतो का. मास्क निवडताना हा चौथा मुद्दा फार उपयोगी पडतो आणि तोच कुणी पाहत नाही.

यासोबत हवा दाबाचा आकडा. तो टायट्रेशनमधून मिळतो: लॅबमध्ये झोपवून दाब हळूहळू वाढवत नेतात आणि घसा कितीला उघडा राहतो ते पाहतात. दाब 'सेंटिमीटर पाणी' या एककात मोजतात. घरगुती सीपॅप साधारण ४ ते २० च्या दरम्यान चालतं. टायट्रेशन झालेलं नसेल तर डॉक्टर ऑटो मशीनवर (दाब स्वतः खालीवर करणाऱ्या) काही रात्री घालवून दाब काढू शकतात.

घरी केलेल्या स्टडीबद्दल एक सांगायला हवं. त्यात बहुधा मेंदूच्या लहरी नोंदवल्या जात नाहीत, त्यामुळे तुम्ही नक्की किती तास झोपलात हे कळत नाही. अर्धी रात्र जागे राहिलात तर तासाची सरासरी खाली येते आणि आजार आहे त्यापेक्षा सौम्य दिसतो. दिवसा गाडी चालवताना डुलकी येते आणि रिपोर्ट मात्र 'नॉर्मल', असं असेल तर लॅबमधल्या स्टडीचा आग्रह धरा.

सावध : हृदय कमकुवत असणं, सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट आजार), स्नायूंचा आजार, नियमित ओपिऑइड (अफूवर्गीय वेदनाशामक) औषधं, छातीत हवा भरल्याचा पूर्वेतिहास, नाकावर किंवा कवटीवर अलीकडे झालेली शस्त्रक्रिया यांपैकी काहीही असेल तर घरच्या घरी ऑटो मशीनवर प्रयोग करू नका. दाब लॅबमध्ये, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच ठरू द्या.

सावध : २०२१ च्या कोविड लाटेनंतर बऱ्याच घरांत ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर पडून आहे. तो स्लीप अ‍ॅप्नियाचं मशीन नव्हे. मिटलेला घसा हवेच्या दाबाने उघडतो. नाकाशी जास्त ऑक्सिजन सोडल्याने नाही. उलट ऑक्सिमीटरवरचा आकडा बरा दिसतो, घरचे निर्धास्त होतात आणि श्वास मात्र थांबतच राहतो.

## टप्पा २ : नाकाकडे पाहा

मास्कचा प्रकार चेहऱ्याआधी नाक ठरवतं. नाक चोंदलेलं असताना मास्क निवडायला गेलात तर तोंड झाकणारा मोठा मास्क गळ्यात पडणार, आणि महिन्याभराने नाक सुटलं तरी तोच वापरत राहणार.

आठवडाभर रात्री झोपताना पाहा: एक नाकपुडी बंद होते की दोन्ही, आलटूनपालटून होते की एकच कायम बंद असते. कायम एकच बंद असेल तर पडदा वाकडा असू शकतो. कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. अ‍ॅलर्जीची सर्दी असेल तर डॉक्टर नाकात मारायचा स्टेरॉइड स्प्रे देतात. त्याचा पूर्ण गुण यायला दिवस लागतात, म्हणून तो मास्क घेण्याआधी सुरू व्हायला हवा. मिठाच्या पाण्याने नाक धुणंही चांगलं. पाणी मात्र उकळून गार केलेलंच घ्या, थेट नळाचं नको.

नाक तात्काळ मोकळं करणारे थेंब, म्हणजे ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिनवाले, रोज रात्री घालायची सवय असेल तर हे आधी डॉक्टरांच्या कानावर घाला. थोडे दिवस ठीक; त्यापुढे तेच थेंब नाक बंद पाडू लागतात.

तपासा : तोंड मिटून, बसून, फक्त नाकाने पाच मिनिटं शांतपणे श्वास घेता येतो का? येत असेल तर नाकाच्या मास्कपासून सुरुवात करा.

## टप्पा ३ : मास्कचा प्रकार ठरवा

नेझल मास्क नाकावर बसतो, तोंड मोकळं राहतं. बहुतेकांनी इथून सुरुवात करावी. अमेरिकेतल्या निद्रावैद्यक अकादमीच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनाही नाक-तोंड दोन्ही झाकणाऱ्या मास्कपेक्षा नाकाच्या मास्कला झुकतं माप देतात. मोठ्या मास्कला कडा जास्त, म्हणजे हवा सुटायच्या जागा जास्त. त्यातून दाबही बऱ्याचदा जास्त लागतो.

नेझल पिलो म्हणजे नाकपुड्यांच्या तोंडाशी टेकणाऱ्या दोन छोट्या सिलिकॉनच्या टोप्या. चेहऱ्यावर जवळपास काहीच नसतं. चष्मा लावून वाचता येतं, मिशी आड येत नाही, कोंडल्यासारखं वाटणाऱ्यांना हाच आधी दाखवावा. दाब जास्त लागत असेल तर मात्र नाकपुडीत थेट झोत बसतो आणि आतली त्वचा सोलवटते.

फुल फेस नावाप्रमाणे पूर्ण चेहरा झाकत नाही. नाक आणि तोंड झाकतो. नाक खरोखरच बंद राहत असेल, किंवा सगळे उपाय करूनही झोपेत तोंड उघडत असेल तर हा घ्या. याच प्रकारात नाकाचा दांडा मोकळा ठेवून नाकपुड्यांना खालून टेकणारे मास्कही मिळतात. नाकावर वळ पडत असतील किंवा झोपण्यापूर्वी वाचायची सवय असेल तर ते पाहा.

आता ज्या गोष्टी कुणी विचारत नाही त्या. दाढी असेल तर फुल फेसची खालची कड केसांवर बसते आणि हवा सुटते. नेझल किंवा पिलो बरा. लांब केस बांधून झोपत असाल तर ज्याची नळी डोक्याच्या वरून निघते असा मास्क अंबाड्याशी भांडतो. वेणी पट्ट्यांच्या खालून सोडता येईल असा घ्या. कुशीवर झोपत असाल तर मास्कच्या दोन्ही बाजूंना कठीण प्लास्टिक किती पुढे येतं ते पाहा. उताणं झोपणाऱ्याला चाललेला मास्क कुशीवर झोपणाऱ्याला चालेलच असं नाही, म्हणून नातेवाइकाच्या शिफारशीला फारशी किंमत देऊ नका.

सावध : काही मास्कच्या पट्ट्या चुंबकाच्या क्लिपने लागतात. पेसमेकर, डोक्यातली धातूची क्लिप, कॉक्लिअर इम्प्लांट असं शरीरात काही असेल तर, किंवा शेजारी झोपणाऱ्याच्या शरीरात असेल तरीही, चुंबकाचा मास्क घेऊ नका. उत्पादकांनी स्वतःच तसे इशारे दिले आहेत. बिनचुंबकाचे पर्याय मिळतात.

सावध : मास्कला हवा बाहेर सोडणारी बारीक भोकं हवीतच. हॉस्पिटलच्या व्हेंटिलेटरसाठी बिनभोकाचे, म्हणजे नॉन-व्हेंटेड मास्क असतात; त्यांचा कोपर (नळी जोडायचा वाकडा सांधा) बऱ्याचदा निळा असतो. कोविडच्या वेळी घेतलेल्या बायपॅपच्या (दोन दाब देणाऱ्या मशीनच्या) पिशवीतून असा मास्क निघू शकतो. तो साध्या सीपॅपला लावला तर सोडलेली हवाच परत आत घ्याल. मशीन चालू करून मास्कसमोर तळहात धरा. सतत बारीक झुळूक लागली पाहिजे. 'फार आवाज येतो' म्हणून त्या भोकांवर रुमाल, टेप किंवा पांघरूण टाकू नका.

## टप्पा ४ : माप घ्या आणि आडवं होऊन बसवा

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो, म्हणून इथे जरा थांबू.

दुकानातला नेहमीचा प्रकार असा: गिऱ्हाईक खुर्चीत ताठ बसलेलं, डीलर समोरून मास्क लावतो, पट्ट्या ओढतो, 'बरा वाटतोय ना?' विचारतो. मशीन बंद. तीस सेकंदांत मास्क उतरतो आणि बिल होतं. पण खुर्चीतला चेहरा आणि उशीवरचा चेहरा एक नसतो. आडवं झाल्यावर गाल बाजूला सरकतात, जबडा किंचित मागे पडतो, नाकाच्या दोन्ही बाजूंची त्वचा सैल होते. झोप लागल्यावर जबडा आणखी सुटतो. खुर्चीत घट्ट बसलेला मास्क पहाटे दोनला डोळ्यात वारा फुंकतो तो यामुळे.

आधी माप. प्रत्येक कंपनीचा मापाचा कागद वेगळा असतो. एकीचा मीडियम म्हणजे दुसरीचा मीडियम नव्हे. नेझल मास्कची वरची कड नाकाच्या दांड्यावर आणि खालची कड नाकपुड्या व वरच्या ओठाच्या मधे यायला हवी, ओठावर नाही. फुल फेससाठी माप घेताना तोंड थोडं उघडं ठेवा. मास्कची खालची कड खालच्या ओठाखाली, हनुवटीच्या खळगीत बसली पाहिजे. पिलोची टोपी नाकपुडीच्या तोंडाशी टेकावी, आत रुतू नये. 'मोठा घेतला की मोकळं वाटेल' हा हिशोब इथे चुकतो. मोठ्या मास्कची कड डोळ्यांच्या कोपऱ्यापर्यंत पोचते आणि हवा तिथूनच सुटते.

कवळी वापरत असाल तर रात्री काढून झोपता की घालून, तसंच मापाला बसा. कवळी काढल्यावर गाल आत जातात आणि मापच बदलतं.

मग बसवणं, या क्रमाने:

१. चेहरा साबणाने धुऊन कोरडा करा. क्रीम, खोबरेल तेल, व्हॅसलिन काही नको. तेलकट त्वचेवर सिलिकॉन सरकतं आणि लवकर खराबही होतं.

२. सगळ्या पट्ट्या सैल करा. मास्क चेहऱ्यावर टेकवून पट्ट्या डोक्यामागे घ्या.

३. आडवे व्हा, स्वतःच्या उशीवर. दुकानात असाल तर तपासणीच्या पलंगावर झोपायचा हट्ट धरा. घरी उशी फार उंच असेल तर आधीच मध्यम करा.

४. मशीन (अजून घेतलं नसेल तर दुकानातलं) चालू करा, आणि दाब तुमच्या रात्रीच्या वरच्या टोकाचा असू द्या. ५ वर सगळे मास्क छान बसतात. परीक्षा ११-१२ वर होते. काही मशीन्समध्ये 'मास्क फिट' म्हणून सोय असते, ती थोडा वेळ जास्त दाब देऊन हवा कुठून सुटते ते दाखवते.

५. हवा चालू असतानाच मास्क चेहऱ्यापासून बोटभर उचला आणि पुन्हा अलगद टेकवा. सिलिकॉनच्या कुशनला बहुधा दोन पदर असतात. बाहेरचा पातळ पदर हवेने पुरीसारखा फुगतो आणि त्वचेला स्वतःहून चिकटतो. त्याला फुगायला जागा मिळावी म्हणून हे उचलणं.

६. आता पट्ट्या, दोन्ही बाजूंनी सारख्या, थोड्या थोड्या. हवा डोळ्यांकडे सुटत असेल तर वरच्या पट्ट्या. तोंड-हनुवटीकडे सुटत असेल तर खालच्या. पट्टी आणि गाल यांच्यामध्ये बोट सहज जायला हवं.

७. उजव्या कुशीवर वळा, डाव्या कुशीवर वळा, प्रत्येक बाजूला पाच मिनिटं तरी. हवा सुटली तर पट्टी ओढण्याआधी पाचवी पायरी पुन्हा करा.

पट्टी ओढणं ही या सगळ्या प्रकरणातली सर्वांत मोठी चूक. घट्ट केल्यावर तो पातळ पदर चेपतो, फुगू शकत नाही, हवा आणखी सुटते, म्हणून आणखी घट्ट. चार दिवसांत नाकाच्या दांड्यावर लाल वळ, आठ दिवसांत जखम. घट्ट केल्याशिवाय हवा थांबतच नाही, असं झालं तर माप किंवा प्रकार चुकलाय. मास्क बदला.

तपासा : सकाळी चेहऱ्यावर पुसट वळ असतील आणि तासाभरात गेले तर ठीक. दुपारपर्यंत टिकले, किंवा त्वचा सोलली, तर पुन्हा पहिल्या पायरीवर या.

## टप्पा ५ : आता मशीन

साधं सीपॅप एकच ठरलेला दाब देतं. टायट्रेशन झालेलं असेल आणि दाब फार जास्त नसेल तर ते पुरतं, स्वस्तही पडतं.

ऑटो सीपॅप किमान आणि कमाल अशा दोन मर्यादांमध्ये दाब स्वतः खालीवर करतं. उताणं झोपल्यावर त्रास वाढणाऱ्यांना, वजन खालीवर होणाऱ्यांना सोयीचं. पण अनेक मशीन्स ४ ते २० या कारखान्यातल्याच मर्यादांवर घरी येतात आणि तशीच राहतात. ४ चा दाब कित्येकांना गुदमरल्यासारखा वाटतो. नळीतून पुरेशी हवाच येत नाही असं वाटून माणूस मास्क ओढून काढतो. उलट २० पर्यंत मोकळीक दिली तर हवा सुटल्याच्या गडबडीत मशीन दाब नको तितका चढवू शकतं. दोन्ही मर्यादा डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि मशीन घरी आल्यावर त्या खरंच तशा टाकल्यात का पाहा.

बायपॅप श्वास घेताना जास्त आणि सोडताना कमी असे दोन दाब देतं. लठ्ठपणामुळे श्वास मंदावून रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत असेल, सीओपीडी सोबत असेल, किंवा जास्त दाब सोसत नसेल तर डॉक्टर हे सांगतात. 'महाग म्हणजे चांगलं' म्हणून स्वतःहून घ्यायचं हे मशीन नव्हे.

एएसव्ही नावाचा चौथा प्रकारही आहे. सेंट्रल अ‍ॅप्निया आणि हृदयाचं इजेक्शन फ्रॅक्शन (हृदय दर ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा) ४५ टक्के किंवा त्याहून कमी असलेल्यांमध्ये त्याने मृत्यूचा धोका वाढल्याचं २०१५ च्या सर्व्ह-एचएफ या अभ्यासात दिसलं होतं. त्यामुळे हा निर्णय केवळ तज्ज्ञांचा.

बाकी सोयींचं थोडक्यात. उष्ण ह्युमिडिफायर घ्याच. श्वास सोडताना दाब उतरवणारी सोय बहुतेक मशीन्समध्ये असते, ती हवीच. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे सविस्तर नोंद: रोजचा एएचआय, हवा किती सुटली, किती तास वापर झाला. फक्त तास मोजणारं मशीन स्वस्तात मिळालं तरी मी घेऊ नका म्हणेन. आवाज, रंग, पडद्याचा आकार यावर वेळ घालवू नका; हवा सुटणाऱ्या मास्कचा आवाज कुठल्याही मशीनपेक्षा मोठा असतो.

## टप्पा ६ : भाडं, बिल आणि जुनं मशीन

मोठ्या शहरांत महिन्याच्या भाड्याने मशीन मिळतं. आधी मास्क स्वतःचा घ्या, मग मशीन महिनाभर भाड्याने, मग खरेदी. भाडं किमतीतून वळतं होईल का ते आधीच ठरवा. मापाचा मास्क निघाला नाही तर बदलून देणार का, किती दिवसांत, हे बिलावर लिहून घ्या. तोंडी आश्वासन नंतर कुणालाच आठवत नाही.

अनेक आरोग्य विमा पॉलिसी घरी वापरायच्या सीपॅपचे पैसे देत नाहीत. 'मिळतील' असं गृहीत धरून बजेट आखू नका. सीजीएचएस (केंद्र सरकारची आरोग्य योजना) लाभार्थींनी आधी मंजुरी, मग खरेदी हा क्रम पाळावा. उलट केलं तर कागद फिरत राहतात.

जुनं मशीन घेत असाल तर मेनूतले एकूण चाललेले तास पाहा आणि सिरियल नंबर रिकॉलच्या (कंपनीने परत बोलावलेल्या मशीन्सच्या) यादीत आहे का ते तपासा. आवाज कमी करण्यासाठी आत वापरलेला फोम झिजून त्याचे कण श्वासात जाण्याच्या शक्यतेमुळे फिलिप्सने जून २०२१ मध्ये पहिल्या पिढीच्या ड्रीमस्टेशन या मॉडेलसह लाखो मशीन्स परत बोलावली होती. अशी मशीन्स अजूनही हातोहात फिरू शकतात. जुना मास्क मात्र कुठल्याही किमतीला नको.

मुलाने अमेरिकेतून आणलेलं मशीन इथे चालतं का? अ‍ॅडॉप्टरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर चालतं, फक्त पिन बदलणारा प्लग लागतो. वॉरंटी आणि दुरुस्ती इथे होईल का, हे मात्र आणण्याआधी विचारा.

## टप्पा ७ : खोलीतली मांडणी

मशीन डोक्यापेक्षा खाली असावं, नाहीतर नळीत जमलेलं पाणी थेट नाकात. पलंगावर झोपत असाल तर बाजूचा बुटका टेबल. जमिनीवर गादी घालत असाल तर मशीन फरशीवर नको, धूळ ओढेल. पाटावर ठेवा, पण पाटावरचं मशीन उशीच्या वर जाणार नाही इतपतच. पडदा किंवा चादर हवा घेणाऱ्या जाळीवर येऊ देऊ नका. मच्छर अगरबत्ती किंवा धूप त्या खोलीत नको: फिल्टर धूळ अडवतो, धूर नाही. मच्छरदाणी चालते, नळी तिच्या खालून घ्या.

ह्युमिडिफायरमध्ये डिस्टिल्ड वॉटर. गॅरेजमध्ये मिळणारं बॅटरीचं पाणी ते नव्हे, आरओचं पाणीही नव्हे. पाणी रोज बदला, उरलेल्यात भर घालू नका.

ओलावा किती ठेवायचा हे हवेवर ठरतं. कोकणात जुलैमध्ये जी पातळी नळीत पाणी जमवते तीच नागपूरच्या डिसेंबरात किंवा एसीच्या खोलीत अपुरी पडते. घसा, नाक कोरडं पडलं तर वाढवा; नळीत गुळगुळ आवाज आला, तोंडावर थेंब पडले तर कमी करा, किंवा नळीला कापडी खोळ घाला. पंखा थेट नळीवर असेल तरी पाणी जमतं.

सावध : पाणी भरलेलं मशीन उचलू नका, तिरकं करू नका. आधी टाकी काढा.

## टप्पा ८ : दिवसा सवय, मग रात्र

पहिल्याच रात्री सात तास झोपायचा निश्चय करू नका. आधी संध्याकाळी टीव्ही पाहताना नुसता मास्क हाताने धरून नाकाशी. मग पट्ट्या लावून. मग मशीन जोडून, बसल्या बसल्या. मग दुपारची वामकुक्षी मास्क लावून. प्रत्येक पायरी कंटाळा येईपर्यंत करायची. कंटाळा आला म्हणजे भीती गेली. मशीन चालू नसताना नळी जोडलेला मास्क लावून बसू नका.

रॅम्प म्हणजे कमी दाबापासून हळूहळू चढणं. सोय चांगली, पण पंधरा मिनिटांत झोपणाऱ्याने पाऊण तासाचा रॅम्प लावला तर झोपेचा पहिला अर्धा तास उपचाराविनाच जातो.

रात्री जाग आली आणि मास्क नकोसा झाला तर उठून बसा, पाणी प्या, पुन्हा लावा. 'आज एवढं पुरे' म्हणून काढून ठेवलात तर पहाटेची झोप उघडी पडते, आणि अनेकांचा श्वास पहाटेच्या स्वप्नाळू झोपेतच जास्त अडकतो.

पोट फुगणं, ढेकरा येणं म्हणजे हवा गिळली जातेय. दाबाबद्दल डॉक्टरांशी बोला. सकाळी तोंड कोरडंठाक म्हणजे तोंड उघडतंय. आधी नाक, मग ओलावा, मग हनुवटीची पट्टी, आणि सगळ्यात शेवटी फुल फेस, या क्रमाने जा. तोंडावर टेप लावायचे व्हिडिओ पाहून तसं करू नका.

## टप्पा ९ : आठवड्याने आकडे पाहा

रोज सकाळी आकडा बघून मूड ठरवू नका. आठवड्याची सरासरी पाहा.

एएचआय ५ च्या खाली हवा. हवा सुटण्याचा आकडा मशीनप्रमाणे वेगळ्या पद्धतीने मोजतात: काही कंपन्या फक्त नको तिथून सुटलेली हवा दाखवतात, काही मास्कच्या भोकांतून जाणारीही धरतात. म्हणून दोन कंपन्यांच्या आकड्यांची तुलना फोल. रेसमेड या कंपनीच्या मशीन्समध्ये मिनिटाला २४ लिटरची मर्यादा धरतात. वरचेवर त्यापुढे जात असाल तर टप्पा ४. मेनूमध्ये मास्कचा प्रकार निवडायचा असतो. तिथे 'पिलो' आणि चेहऱ्यावर फुल फेस असं झालं तर आकडे आणि दाब दोन्ही बिघडतात.

वापर रात्री किमान चार तास ही बऱ्याच ठिकाणी पाहिली जाणारी खालची रेघ आहे. हवी ती पूर्ण झोप.

एएचआय चढा राहिला तर लगेच दाब वाढवू नका. आधी हवा सुटतेय का पाहा. ती सुटत नसेल आणि श्वास थांबण्याच्या उरलेल्या घटनांमध्ये सेंट्रल जास्त असतील तर दाब वाढवून उपयोग नाही, क्वचित उलटंच होतं. मशीनमधलं नोंदींचं कार्ड घेऊन डॉक्टरांकडे जा.

## टप्पा १० : धुणं, वीज, प्रवास

कुशन रोज कोमट पाण्यात सौम्य साबणाने; नळी, टाकी, पट्ट्या आठवड्यातून एकदा. सावलीत वाळवा, उन्हात सिलिकॉन कडक होतं. डेटॉल, सॅनिटायझर, ब्लीच काही नको, ओझोनने निर्जंतुक करणारी यंत्रंही नकोत. फिल्टर करडा झाला की बदला. रस्त्यालगतच्या घरात तो पुस्तिकेतल्या मुदतीच्या आधीच करडा होतो. धुण्याचे फिल्टर वेगळे आणि फेकायचे वेगळे, फेकायचा धुऊन वापरू नका. कुशन पिवळट, मऊ-चिकट झालं आणि पट्टी दर आठवड्याला एक घर आवळावी लागली की नवीन कुशन घ्या. पूर्ण मास्क बदलायची गरज बहुधा नसते.

वीज जात असेल तर प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टर घ्या. बॅटरीवर असताना ह्युमिडिफायर आणि तापणारी नळी बंद ठेवा, वीज तेच जास्त खातात. रेल्वेच्या डब्यातल्या चार्जिंग पॉइंटवर भरवसा ठेवू नका, रात्री ते बंद केले जातात. मशीनची स्वतःची बॅटरी लागते. विमानात मशीन हातातल्या बॅगेत, टाकी कोरडी, डॉक्टरांची चिठ्ठी सोबत.

वजन बरंच उतरलं किंवा वाढलं, घोरणं परत ऐकू येऊ लागलं, दिवसाची झोप परतली, तर दाब पुन्हा तपासून घ्या. आणि कुठलीही शस्त्रक्रिया ठरली, अगदी छोटी असली, तरी भूलतज्ज्ञांना अ‍ॅप्नियाबद्दल आधी सांगा आणि मशीन-मास्क दोन्ही हॉस्पिटलात घेऊन जा.